राजवाड्यावरची थाळी आणि दारातली कचरागाडी

महामारीचा विषय निघाला की इंदूरच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्या लोकांना शिस्तच नाही." बोलणारा स्वतःला त्या लोकांत धरत नाही, हे सांगायला नकोच. रामबागेतल्या ओट्यावरचे आजोबा ते म्हणतात, सुदामा नगरातल्या काकू म्हणतात, आणि पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा तर जरा जास्तच ठसक्यात म्हणतो. पुरावा म्हणून 22 मार्च 2020 ची संध्याकाळ पुढे केली जाते.

ती संध्याकाळ होतीही तशीच. दिवसभर जनता कर्फ्यू अगदी कडकडीत पाळला गेला. पाच वाजता आपापल्या दारात, खिडकीत, गच्चीवर उभं राहून थाळ्या वाजवायच्या होत्या. इंदूरनं त्या वाजवत वाजवत राजवाडा गाठला. ढोल, झेंडे, एकेका दुचाकीवर तिघं-तिघं, आणि भारत सामना जिंकल्यावर तिथे जमतात तसेच नाचणारे लोक. दोन-तीन दिवसांतच शहरातले पहिले रुग्ण जाहीर झाले. 20 एप्रिलला केंद्रानं ज्या शहरांत पाहणी पथकं धाडली, त्यांत मुंबई-पुण्याच्या जोडीला इंदूर होतं.

तरीही ते वाक्य मला पटत नाही. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि इलेक्ट्रॉनिक असा सहा प्रकारांनी कचरा वेगळा करून देणारं गाव बेशिस्त कसं? 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिलं येत राहिलं, ते काही एकट्या निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, जोरावर नाही. लोकमान्य नगरात आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, पंचाहत्तरीच्या पुढच्या. दुधाची पिशवी त्या कोपऱ्यात कापतात, पण कापलेला तुकडा सुटू देत नाहीत. मग पिशवी आतून-बाहेरून विसळून दोरीवर चिमट्यानं लटकवतात आणि खडखडीत वाळल्यावरच प्लास्टिकच्या डब्यात टाकतात. एकदा गाडीवरच्या पोरानं डब्यात डोकावून "आजी, इसमें गीला है" म्हणत डबा परत केला. मावशींना त्याचा भयंकर राग आला. राग ओसरल्यावर त्यांनी सुनेकरवी आणखी एक डबा आणवला. याच मावशी 2020 च्या डिसेंबरात भरल्या मांडवात, मास्क हनुवटीखाली ओढून, अक्षता टाकून आणि पंगतीत जेवून आल्या.

एकाच बाईचे दोन स्वभाव असतील असं मला वाटत नाही. फरक त्या दोन नियमांत आहे.

कचऱ्याचा नियम रोज दारात येतो. गाडी तीच, वेळ साधारण तीच, पोरगाही बहुधा तोच. आज जे सांगितलं तेच उद्या सांगितलं जातं. रस्ता सकाळी झाडलेला दिसतो, कोपऱ्यावरचा उकिरडा गेलेला दिसतो. चालान फाडणारे आहेतच, पण त्यांच्या आधी डबा परत देणारा आहे, आणि शेजारणीच्या देखत परत आलेल्या डब्याची शरम पावतीपेक्षा जास्त काम करते. मार्चअखेरीस इंदुरात टाळेबंदी इतकी कडक झाली की किराणा, भाजी, सगळंच बंद. तेव्हा किराण्याच्या याद्या गोळा करायला निगमनं हीच यंत्रणा वापरली. दोन किलो तूरडाळ, पाव किलो चहापत्ती, साबण. परक्या माणसाला कुणी कडी काढत नव्हतं त्या दिवसांत, पण गाडीवाल्याच्या हातात लोक बिनदिक्कत चिठ्ठी ठेवत होते. ही ओळख कोरोनानं तयार केली नव्हती. ती आधीची तीन-चार वर्षं रोज सकाळी थोडी थोडी जमत आली होती आणि वेळेला उपयोगी पडली.

मास्कचं तसं नव्हतं. मास्कचं यश म्हणजे काहीच न होणं, आणि जे झालं नाही ते दाखवणार कसं? डोळ्यांना परिणाम दिसत नाही, तिथे सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. शब्दाचं आपल्याकडे काय झालं, ते आठवून पाहा. सुरुवातीला सांगितलं गेलं की धडधाकट माणसाला मास्कची गरज नाही. 4 एप्रिल 2020 ला केंद्राचा सल्ला आला, घरी शिवलेला मास्क लावा. जागतिक आरोग्य संघटनेनं जूनमध्ये आपली भूमिका बदलली. बदलायला माझी हरकत नाही, नवा रोग समजत जातो तसा सल्ला बदलणारच. हरकत आहे ती बदल मुकाट्यानं करण्याला. "कालपर्यंत आम्हाला असं वाटत होतं, आता असं कळलंय, म्हणून हे करा," एवढं बोलायला कुणाची जीभ रेटली नाही. कोविशील्डच्या दोन मात्रांमधलं अंतर चार आठवड्यांचं सहा ते आठ झालं, मग 13 मे 2021 ला बारा ते सोळा. त्यामागे अभ्यासाची कारणं दिली गेली, पण केंद्रावरून लस न मिळता परतणाऱ्या माणसानं सरळ अर्थ काढला की माल संपलाय. त्याला वेडा म्हणता येईल का?

आणि मग नियम करणारेच. 2020 च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्र याच इंदुरात एका कार्यक्रमात म्हणाले की आपण मास्क लावत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खेद व्यक्त केला, मास्क लावण्याचं कबूलही केलं. पण पहिलं वाक्य मोबाइलवरून जितकं फिरलं तितका खेद फिरला नाही. पुढच्याच महिन्यात 28 जागांच्या पोटनिवडणुकांची धामधूम होती, आपल्या जिल्ह्यातलं सांवेर त्यात होतं. उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठानं सभांना लगाम घातला, प्रचार शक्यतो आभासी करा म्हटलं, आणि 26 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. कायद्याची बाजू काय असेल ती असो. ज्याच्या मुलीच्या लग्नाच्या यादीवरून निम्मी नावं खोडावी लागली होती, त्यानं टीव्हीवर सभेची गर्दी पाहिली. पुढच्या वेळी ती नावं त्यानं खोडली नाहीत. मावशी ज्या लग्नाला गेल्या ते त्यानंतरचंच.

कर्फ्यू रात्रीचा का, दिवसा विषाणू झोपतो का, हा विनोद आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेला. बाजारात आज डाव्या बाजूची दुकानं, उद्या उजव्या. गर्दी निम्मी करायची, एवढा साधा हिशेब त्यामागे होता, पण तो दुकानदाराला कुणी बसून सांगितला नाही, म्हणून त्याला ती सरकारी तऱ्हेवाईकपणाची कमाल वाटली. आम्ही घरोघरी भाज्या सोड्याच्या पाण्यात बुडवत राहिलो, वर्तमानपत्रं बंद केली, दारांच्या कड्या पुसल्या. रोग प्रामुख्यानं हवेतून पसरतो, खिडक्या उघडा, हे केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं ठळकपणे सांगितलं ते 20 मे 2021 ला. तोवर दुसऱ्या लाटेचा कळस होऊन गेला होता. आणि ज्यांना ते सांगायला हवं होतं, त्यांना मोसंबी धुवायची सवय लागली होती.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र दारावरच्या कागदानं केलं, असं माझं मत आहे. घरात रुग्ण निघाला की दाराला पोस्टर, गल्लीच्या तोंडाशी बांबूच्या बल्ल्या आडव्या. शेजारी गॅलरीतून बोट दाखवणार, दूधवाला लांबूनच पातेलं मागणार, कामवाली बाई दुसऱ्या घरांतूनही बंद होणार. लोकांनी काय केलं? तपासणीच करून घेतली नाही. "व्हायरल आहे", "वातावरण बदललंय", "सर्दीची जुनी सवय आहे" अशी उत्तरं तयार झाली. ताप अंगावर काढला, वास गेलेला लपवला, आणि आठव्या दिवशी ऑक्सिजन खाली गेल्यावर इस्पितळाचं तोंड पाहिलं. सर्वोच्च न्यायालयानं 9 डिसेंबर 2020 ला स्पष्ट केलं की सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती कायद्याखाली खास आदेश असल्याशिवाय असली पोस्टरं लावू नयेत. निकाल योग्यच होता. पण भीती तोवर भिंतीत मुरली होती.

मराठी माणसाला तर हे नवं नव्हतं. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या झडत्या झाल्या, त्या वेळचा सगळा इतिहास आपण शाळेत शिकलोय. सोजीर घरात घुसत, माजघरापर्यंत जात, संशयिताला उचलून नेत. म्हणून लोक रुग्ण लपवायला लागले. प्लेग अधिकारी वॉल्टर रँडवर 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णाची शुश्रूषा करताना लागण होऊन गेल्या, आणि टिळकांनी जुलुमावर लिहिता लिहिता प्लेगचं इस्पितळ उभं करायलाही हात लावला. म्हणजे तेव्हाही प्रश्न "लोक ऐकतात का" एवढाच नव्हता, कुणाचं ऐकतात हा होता. 2020 मध्ये राज्याराज्यांतून जे आदेश निघाले, त्यांतल्या कितींच्या माथ्यावर त्याच वर्षीचा, 1897 चा, साथरोग कायदा होता! सव्वाशे वर्षांत कायदा तोच राहिला, याचं मला नवल वाटतं. त्याहून नवल याचं की त्या कायद्याखाली काय घडलं होतं ते आपण अभ्यासाला ठेवलं आणि विसरलो.

आता टाटपट्टी बाखल, इंदूरची मुस्लिमबहुल वस्ती. 1 एप्रिल 2020 ला तिथे तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली, दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. त्या पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या, ही त्या वर्षातली इंदूरची सगळ्यात मोठी गोष्ट मी मानतो. दगड मारणाऱ्यांची बाजू घ्यायचं काही कारण नाही. गुन्हा तो गुन्हा, आणि कारवाई झाली. पण त्या आधी वस्तीत व्हिडिओ फिरत होते की धडधाकट लोकांना धरून नेतात आणि सुया टोचतात. बाहेरून आलेलं पथक, अंगावर प्लास्टिकचे पोशाख, चेहरे झाकलेले, आणि त्यांच्यात ओळखीचं माणूस कुणी नाही. राजवाड्यावर दहा दिवस आधी जमलेल्यांना आपण "अतिउत्साही" म्हटलं. टाटपट्टी बाखलच्या लोकांना मात्र, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या अख्ख्या समाजाला, काय काय म्हटलं ते आपल्या कुटुंबांच्या ग्रुपांवर अजूनही वर सरकवलं की सापडेल. साथीत नियम मोडणाऱ्याची जात आणि वस्ती पाहून आपण शब्द बदलतो. मग ज्या वस्तीला कडू शब्द मिळतो, ती पुढच्या पथकाला दार उघडत नाही. हे नीतीचं तर आहेच, पण निव्वळ साथ आटोक्यात आणण्याच्या हिशेबानंही हा व्यवहार तोट्याचा आहे.

या शहरानं याहून शहाणा मार्ग एकदा पाहिलेला आहे, शंभर वर्षांपूर्वी. 1917 च्या आसपास तुकोजीराव होळकरांनी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. तेव्हाही प्लेग होता. हा दाढीवाला म्हातारा नकाशा घेऊन गल्लीबोळांत हिंडायचा, तर लोक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, प्लेग आणणारा साहेब तो हाच. गेडिसनं महाराजांकडून दिवाळीला एका दिवसाचं राजेपण मागून घेतलं. जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही, ज्या भागात सगळ्यात जास्त घरं झाडून-लोटून, डागडुजी करून तयार असतील तिथून जाईल. झालं! मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली. मिरवणुकीत सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून, सजवलेल्या गाड्यांसह मानानं चालले. घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, दोघांचं शेवटी दहन झालं. इंदूर नगरीची म्हणून एक नवी देवीही होती. आपल्या 1918 च्या अहवालात गेडिसनं जुन्या वस्त्या सरसकट पाडायला विरोध केला, थोडं थोडं काढा, बाकी राहू द्या, असा त्याचा आग्रह होता.

मी हे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही, एका मिरवणुकीनं प्लेग गेला असंही म्हणत नाही. मिरवणूक म्हणजे गर्दी, आणि श्वासातून पसरणाऱ्या रोगाला तेच औषध चालणार नाही. 2020 आणि 2021 ला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघाली नाही ते बरोबरच झालं. पण गेडिसनं जे ओळखलं, ते आपल्या हुकूमनाम्यांत कुठे दिसत नाही. ज्यानं झाडू मारायचा त्याला त्यानं पुढे चालवलं आणि लोकांच्या दिवाळीला हात न लावता तिलाच कामाला जुंपलं.

लसीच्या वेळी इंदूरनं काहीसं असं केलं. 21 जून 2021 ला एका दिवसात जिल्ह्यात दोन लाखांहून जास्त लोकांनी लस घेतली. ऑगस्ट संपता संपता जिल्ह्यातल्या सुमारे 28 लाख पात्र प्रौढांना पहिली मात्रा मिळाल्याचं प्रशासनानं जाहीर केलं. केंद्र घराजवळ होतं, वॉर्डातली ओळखीची माणसं हाक मारायला येत होती. अर्थात प्रामाणिकपणे हेही म्हणायला हवं की एप्रिल-मे मध्ये प्रत्येक घरानं कुणी ना कुणी गमावलं होतं, रेमडेसिविरच्या रांगेत भाऊ-भाचे रात्रभर उभे राहिले होते. त्या भीतीचा वाटा मोठा होता. 15 जुलै 2022 पासून 75 दिवस बूस्टर फुकट होता, तेव्हा भीती ओसरली होती, आणि देशभरात पात्र लोकांपैकी बहुतेक जण तिकडे फिरकलेच नाहीत. त्यात इंदूरही आलं. फुकट मिळूनही लोक का गेले नाहीत, याची चर्चा मी कुठे ऐकली नाही. पुन्हा तेच, लोकांना शिस्त नाही.

काही मित्र म्हणतात, साथीत समजूत घालायला वेळ कुणाला असतो? दंडुकाच लागतो. पहिल्या दोन आठवड्यांपुरतं मी हे मान्य करीन. कडक टाळेबंदीनं इस्पितळांना श्वास घ्यायला वेळ दिला. पण दंडुक्याची मुदत फार लहान असते. 2021 च्या एप्रिलमध्ये इंदुरात मास्क नाकाखाली घसरला म्हणून दोन पोलिसांनी एका रिक्षावाल्याला त्याच्या पोरासमोर रस्त्यावर तुडवलं, व्हिडिओ देशभर फिरला, ते दोघे निलंबित झाले. त्या मारानं किती नाकं झाकली गेली असतील? पोलीस दिसला की मास्क वर आणि वळणावर गेला की खाली, ही कला मात्र सगळ्या शहराला आली. आणि रिक्षावाल्यानं घरात बसावं हे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पगार महिन्याच्या एक तारखेला खात्यात जमा होत होता, माझी पेन्शन धरून. मालवा मिलच्या मागच्या एका खोलीत सहा जण राहतात, तिथे दो गज दूरीचं गणित कोण मांडून देणार होतं?

वेळ नसतो, हे खरंच आहे. म्हणून काम आधी करायचं असतं, साथ नसताना. त्या बाबतीत 2025 च्या डिसेंबरअखेरीस इंदूरच्याच भागीरथपुरा वस्तीत जे झालं ते फार वाईट लक्षण आहे. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं, माणसं दगावली. पाण्याला वास येतोय हे रहिवासी आधीपासून सांगत होते. देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात, सहा डबे भरून देणाऱ्या लोकांची एक तक्रार वेळेवर ऐकली गेली नाही. उद्या त्याच वस्तीत एखादं पथक गोळ्या, लस किंवा मास्क घेऊन गेलं आणि दारं बंद दिसली, तर तिथल्या बाईला आपण कुठल्या तोंडानं सांगणार की तिला शिस्त नाही?

सरकारनं काय करावं याची यादी प्रत्येकाकडे असते. माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत. नियम बदलला की त्याच कागदावर कारण छापावं, साध्या हिंदीत, चार ओळींत. आणि आजारी पडलेल्या रोजंदारीच्या माणसाच्या दाराला काही लावायचंच असेल, तर आठवड्याच्या किराण्याची पिशवी लावावी.

आपल्या मराठी संस्थांनी मात्र सरकारकडे बोट दाखवत बसू नये. साथीत या मंडळींनी पोळ्या-भाजीचे डबे पोचवले, औषधं पोचवली, ते काम मोठंच होतं. पण साथ गेल्यावर आपण काय केलं? सभागृहाचं नूतनीकरण निघालं की सगळ्यात आधी खिडक्या बुजतात. वातानुकूलन बसतं, मखमली पडदे येतात, भिंतींना फळ्या लागतात, आणि चारशे माणसं तीन तास एकमेकांची हवा घेत नाटक पाहतात. मंगल कार्यालयांची तीच कथा. ताजी हवा खेळती ठेवणारे पंखे बसवायला फार मोठा खर्च येत नाही, देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी त्याहून महाग पडत असेल. पुढच्या वार्षिक साधारण सभेत हिशेबाचं वाचन संपलं की कुणीतरी उभं राहून एवढंच विचारावं: आपल्या सभागृहाच्या किती खिडक्या उघडतात, आणि त्यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?